चौकोनी शिवारातले गोल घर

नेब्रास्का मागे पडून कॅन्सस लागले तरी रस्ता काही वळेना. मैला-मैलावर काटकोनात छेदणारे रस्ते आणि मध्ये शेतांचे चौकोन. रिपब्लिक या चिमुकल्या गावाजवळ, रिपब्लिकन नदीकाठच्या उंचवट्यावर मात्र एक गोल इमारत दिसते: पॉनी इंडियन म्युझियम. आत १८२०च्या सुमाराच्या मातीच्या घराची जमीन आहे. घर जळून गेलेले. कोळसा झालेली लाकडे, मेढींचे खड्डे, मधली चूल, सारे उत्खननात सापडले तिथेच ठेवून वर इमारत उभारली आहे.

हे घर ज्या गावातले, ते मूळनिवासी पॉनी लोकांच्या किटकेहाकी शाखेचे. स्किडी ही दुसरी पॉनी शाखा तर घरात आकाशच वाचत असे. ते पहिल्यांदा तपशिलाने लिहिणाऱ्यांत ॲलिस फ्लेचर होत्या. त्यांचा पॉनी तारकाकथांवरचा लेख १९०३चा. सोबतीला जेम्स म्यूरी, आई पॉनी आणि वडील स्कॉटिश असलेला जाणकार. दार पूर्वेला, पहाटेच्या ताऱ्याकडे. पूजेची जागा पश्चिमेला, सांजताऱ्याच्या बाजूला. चार मुख्य मेढी म्हणजे आकाश तोलणारे चार तारे. उत्तर मुकुट म्हणजे सरदारांची गोल बैठक, आणि ध्रुव त्यांचा प्रमुख, कारण तो जागचा हलत नाही. सप्तर्षींत त्यांना आजाऱ्याला वाहून नेणारी डोली दिसे. आपल्या खेड्यांत तिथे म्हातारीची बाज असते, मागे तीन चोर!

याच फ्लेचरबाईंनी १८८०च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा लोकांची सामाईक जमीन खासगी तुकड्यांत वाटून दिली. १८८७च्या, जमीनवाटपाच्या डॉस कायद्यानंतर विनेबागो आणि नेझ पर्स यांचीही. वाटून उरलेली जमीन गोऱ्यांना खुली व्हायची. निदान तुकडा तरी नावावर राहील, या हेतूने त्यांनी ते केले. हेतू मला खरा वाटतो. माफ मात्र करवत नाही. पॉनींना तर १८७०च्या दशकातच नेब्रास्का सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावे लागले होते.

तिथला वृद्ध पुरोहित ताहिरुसावीची याने ‘हाको’ विधी फ्लेचरबाईंना सांगितला. १९०४ साली तो ग्रंथरूपाने आला. या कामासाठी त्याला वॉशिंग्टनला नेले होते. काँग्रेसच्या ग्रंथालयाची भव्यता आणि सौंदर्य पाहून त्याला आनंद झाला, तरी अशा इमारती पूर्वजांच्या धर्माची पवित्र चिन्हे ठेवायला योग्य नाहीत, असे तो म्हणाला. उंच वॉशिंग्टन स्मारकावर चढायला तर त्याने साफ नकार दिला: गोऱ्यांना दगड रचायची हौस आहे, त्यांनी खुशाल चढावे, सर्वोच्च देव तिरावाने घडवलेले डोंगर आपण चढून आलो आहोत.