चौकटीच्या दुकानातून

या धाग्यांतून आपण आजवर किल्ले, बंदरे आणि ताम्रपट यांविषयी पुष्कळ बोललो. आजचा इतिहास त्यामानाने कालपरवाचा आहे: मुंबईत चित्रे विकणारी खासगी दालने कशी उभी राहिली आणि त्यांनी कोणाला वाचवले, याचा. मी दिवेआगरची, शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे गोष्ट मुंबईत घडली तरी ती वारंवार आमच्या किनाऱ्याकडे वळेल.

आमच्याकडच्या जुन्या घरांतही चित्रे असत, पण ती देवांची. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या माजघरापर्यंत पोहोचल्या. चित्रापेक्षा काचेला आणि चौकटीला जास्त पैसे पडत, असे माझी आजी सांगे. तेव्हा मला ही तिची काटकसरी कुरकुर वाटे. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की मुंबईतील आधुनिक चित्रकलेच्या व्यापाराची सुरुवातच मुळी चौकटीच्या दुकानातून झाली आहे.

केकू गांधी हे केंब्रिजला शिकलेले पारशी तरुण. दुसऱ्या महायुद्धामुळे परत जाणे अशक्य झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी चौकटीच्या पट्ट्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. ‘केमोल्ड’ हे नाव ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांवरून आले. आज कलाजगतात जे नाव आदराने घेतले जाते, ते असे कारखान्याच्या पाटीवरचे आहे, याची मला फार गंमत वाटते. चित्रकार चौकट करून घ्यायला येत. त्यांच्याजवळ पैसे नसत आणि चित्रे दाखवायला जागाही नसे. गांधींनी ती चित्रे दुकानाच्या दर्शनी भागात लावायला सुरुवात केली. चौकट पाहायला आलेले गिऱ्हाईक चित्रही पाहू लागले.

त्यापूर्वी चित्रकाराने जायचे कुठे? जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होते, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात पदके मिळत, नाव होई. परंतु त्यांवर वर्षभराचे घरभाडे भागत नसे. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो येथे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. हे साल पाठ्यपुस्तकांत येते. त्या चित्रांसाठी पदरचे पैसे कोणी मोडले, हे मात्र तिथे सहसा येत नाही.

त्या आरंभीच्या पाठीराख्यांत तिघे युरोपातून आलेले होते. वॉल्टर लँगहॅमर ऑस्ट्रियातून येऊन ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. रूडॉल्फ फॉन लायडन मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ, इथे कलासमीक्षक झाले. इमॅन्युएल श्लेसिंगर व्हिएन्नाचे, व्यवसाय औषधांचा, छंद चित्रे जमवण्याचा. नाझी राजवटीमुळे घर सोडावे लागलेली माणसे मुंबईत आली आणि इथल्या फाटक्या खिशाच्या तरुणांची चित्रे विकत घेऊ लागली. कृष्णाजी आरा हे मोटारी धुणारे, घरगडी म्हणून राबणारे. त्यांची चित्रे लायडन यांनी हेरली नसती, तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. पुढे स्वतःकडे पैसा आल्यावर आरांनी तो नव्या चित्रकारांवर आणि ‘आर्टिस्ट्स सेंटर’वर खर्च केला.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ती वास्तू दिली. इथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याबाबत पुष्कळांचा घोटाळा होतो. जहांगीर ही विश्वस्त संस्थेची गॅलरी आहे. तिथे चित्रकार अर्ज करतो, पाळी येण्याची अनेक वर्षे वाट पाहतो, एका आठवड्यासाठी भिंती भाड्याने घेतो आणि आठवडा संपला की उरलेली चित्रे टेम्पोत घालून घरी नेतो. व्यावसायिक गॅलरीचे गणित निराळे असते. तिथे गॅलरीच चित्रकार निवडते, प्रदर्शनाचा, छपाईचा, चौकटींचा खर्च उचलते आणि चित्र विकले गेले की किमतीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वाटा घेते. न विकली गेलेली चित्रे तिच्या गोदामात राहतात. म्हणजे जोखीम दोघांची.

अशी दोन दालने १९६३ या एकाच वर्षी सुरू झाली. एक गॅलरी केमोल्ड, जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर. केकू आणि खुर्शीद गांधींची. दुसरी फ्लोरा फाउंटनजवळची पंडोल आर्ट गॅलरी. खाली भाड्याच्या भिंती, वर निवडीच्या भिंती, अशी ती रचना पुढची चव्वेचाळीस वर्षे टिकली. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर गेली.

निवडीच्या भिंती म्हटल्यावर अन्यायही आलाच. कोण निवडणार, कोणत्या इंग्रजीत बोलणाऱ्याला चहा विचारला जाणार, हे प्रश्न तेव्हा होते आणि आजही आहेत. तरीही या व्यापाराचे एक ऋण मला मान्य करावे लागते. ते समजावून सांगण्यासाठी आमच्या गावातली एक गोष्ट सांगते.

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरला सुपारीच्या वाडीत खोदताना तांब्याची पेटी सापडली. तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. गाव एका रात्रीत प्रसिद्ध झाले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. पुढे आरोपी पकडले गेले, पण तोवर मुखवटा वितळवला गेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. भाविकांचे समाधान झाले, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला अजूनही वाटते की त्या भट्टीत जे गेले ते वजनात मोजता येणारे नव्हते. तो चेहरा घडवणाऱ्या अनाम कारागिराचा हात होता तो. दरोडेखोरांच्या लेखी त्याची किंमत शून्य होती; त्यांनी फक्त धातूचा भाव ओळखला.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहा, तेही आपल्याच जिल्ह्यातले. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. १९५९ मध्ये ते जे. जे. मधून बाहेर पडले, १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, त्यातली पहिली काही वर्षे वाराणसीत. पुढे त्यांनी जी चित्रे काढली त्यांचा रंग इनॅमल, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळतो तो. आमच्याकडे होड्यांना, दारांना, देवळाच्या गजांना तोच लावतात. साहित्य म्हणून त्या कॅनव्हासची किंमत काय? वितळवायला तर काहीच नाही. घड्याळ, पान, फळ, शंख, आणि त्यांच्यामधली प्रचंड मोकळी जागा, एवढाच ऐवज.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर यांना वारंवार थांबवले गेले, म्हणून ते वृत्तपत्रांत गाजले. चित्रांविषयी त्यामानाने थोडेच छापून आले. मी दुसऱ्या आठवड्यात गेले. एका चित्रापुढे उभी राहिले आणि त्या गुळगुळीत, कुंचल्याचा माग न दाखवणाऱ्या पृष्ठभागावर मला ओळखीची चकाकी दिसली, पावसाळ्यानंतर नव्याने रंगवलेल्या होडीच्या कुशीवर असते तशी. भोवतीची माणसे अवकाश, चिन्ह, तंत्र असे शब्द बोलत होती. ते शब्द चुकीचे नव्हते. मला मात्र डब्याचे झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना येणारा वास आठवत होता.

मग मी चित्रांखालच्या पट्ट्या वाचू लागले. अनेक ठिकाणी ‘खासगी संग्रह’ असे लिहिलेले. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, हा डब्यातल्या रंगाचा कॅनव्हास पैसे मोजून घरी नेला होता, त्याला वाळवी आणि मुंबईच्या दमट हवेपासून जपले होते आणि मागितल्यावर बाहेर काढून दिला होता. बरवे केमोल्डमध्ये प्रदर्शने करत. गॅलरीने लावलेली किंमत, भिंतीवर चित्राशेजारी चिकटवलेली लाल टिकली, विक्रीची नोंद आणि छापील सूची या साखळीमुळेच १९९५ मध्ये चित्रकार गेल्यानंतरही चित्रे कुठे आहेत हे शोधता येते. त्यांचे स्वतःचे लेखनही मागे राहिले. ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये मौजेने प्रकाशित केले.

आता दक्षिणेकडे चला. दिवेआगरहून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णे आणि मुरूड. महर्षी कर्व्यांचे मुरूड. याच गावात सदानंद बाकरे राहत होते. वर उल्लेखिलेल्या सहा जणांतले एकमेव शिल्पकार. १९५१ मध्ये ते लंडनला गेले, १९७५ च्या सुमारास परतले आणि मुरूडला येऊन जवळजवळ अज्ञातवासात राहिले. २००७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. १९९० च्या दशकात आम्ही मैत्रिणी सहलीला त्या किनाऱ्यावर जात असू, नारळपाणी पीत असू. आधुनिक भारतीय शिल्पकलेचा एक आरंभ हाकेच्या अंतरावर बसला आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण? त्यांची चित्रे-शिल्पे सातत्याने मांडणारे, त्यांची सूची छापणारे दालन त्यांच्या पाठीशी दीर्घकाळ राहिले नाही. हुसेन आणि रझा यांची नावे घरोघरी गेली. बाकरे तळटीपेत राहिले. गुणवत्तेतल्या फरकाने एवढे अंतर पडते, हे मला पटत नाही.

तिसरी वाटही याच किनाऱ्यावर आहे. बरव्यांच्या नात्यातले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांनी पुण्यातला शिवरायांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडवला, त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावी आपल्या घरालाच शिल्पालय केले. ‘मत्स्यगंधा’ आजही तिथे पाहता येते. गॅलरी नको, मध्यस्थ नको. पण त्यासाठी स्वतःचे घर, अंगण आणि मागे सांभाळणारी माणसे लागतात.

बाजाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकी चित्रे काढत आणि साधेपणाने राहत. २००१ मध्ये ते गेले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले आहे: मूळ कलाकृती दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. हे कलम ठाऊक असलेला एकही तरुण चित्रकार मला आजवर भेटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी कलाशाळेत असेल, तर एवढे तरी टिपून ठेवा.

आणि इतिहासात रस असेल तर गॅलऱ्यांत जा. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा या परिसरात त्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसते. काचेचे जड दार, आतला गारवा आणि कोणीच न बोलणे यांनी बिचकायला होते. पहिल्यांदा एका दालनात गेले तेव्हा खांद्यावर एसटीच्या प्रवासातली पिशवी होती आणि तिच्यात सुपारी. मेजामागच्या मुलीने वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले. मी तिच्याकडे चित्रांची यादी मागितली. दोन पाने होती: क्रमांक, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, किमतीच्या रकान्यावर पट्टी चिकटवलेली. ती यादी घरी आणून मी वहीत लावली. आता अशा सुमारे चाळीस याद्या जमल्या आहेत, निम्म्याहून अधिक चित्रकारांची नावे पुन्हा कुठे वाचनात आली नाहीत. पुढच्या धाग्यात त्यांतल्या काहींचा शोध घेऊ. तोवर तुम्हीही कुठे गेलात तर यादी मागा. देतात.