रियाधची झोप, खर्ड्याची सकाळ

माझी भाची साडेतीन वर्षांची. सुट्टीत रियाधहून खर्ड्याला आली आणि पहिल्याच रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागी. अम्मी म्हणाली, "नजर लागली पोरीला." मिरच्या उतरवून झाल्या. शेजारच्या खाला म्हणाल्या, "खोकल्याचं औषध पाजा, गप झोपेल." बहिणीने ठाम नकार दिला, आणि तिचंच बरोबर होतं. झोपेसाठी लहान मुलाला असलं औषध देणं धोक्याचं.

कारण साधं आहे. रियाधचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आपले साडेअकरा म्हणजे तिचे नऊ, रोजची झोपायची वेळ. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, आणि त्याला सरकवतो मुख्यतः उजेड.

म्हणून तिला पहिल्या दिवशी आठला उठवलं, मग रोज अर्धा तास आधी. उठली की अंगणात, कोवळ्या उन्हात. दुपारची झोप तासाभराची, तीही तीनच्या आत. मगरिबनंतर मोबाइल बंद, दिवे मंद, जेवण, मग नानीच्या कुशीत रोज तीच गोष्ट. रात्री जाग आली तर दिवा न लावता थोपटायचं. चौथ्या रात्री मी इशाची नमाज पढून परतलो, तेव्हा ती गाढ झोपली होती.

आमच्या जामखेड तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरंही लांबचा प्रवास करतात. त्यांचं घड्याळ बदलत नाही, पण कोपीत पहाटेच्या आधीच त्यांची झोप मोडते. मिरच्या उतरवून तीही परत येत नाही.