एका पोळीचा फरक

कॉमर्सचा पदवीधर आणि त्यातून बँकेतला कारकून, अशा माणसाची दृष्टी एकदा बिघडली की ती चष्म्यानेही सुधारत नाही. लोक ताजमहाल पाहून ‘वाहवा’ म्हणतात. माझ्या मनात येतं, याचा घसारा कोणत्या दराने धरत असतील? त्यामुळे 2013 च्या जुलैत, भर पावसात, माझ्या सहा वर्षांच्या लेकीने फ्रॉकच्या ओच्यात गुंडाळून एक पिल्लू घरी आणलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न हा होता की, हे मालमत्तेत धरायचं की देण्यांत?

शेपूट जन्मतःच वेटोळी असल्यामुळे तिचं नाव चकली पडलं. खरेदी किंमत शून्य. जात विचारली तर ‘डोंबिवली पूर्व’. आमच्या आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलान् तर मी काशीला निघून जाईन.” चकलीने तिसऱ्या दिवशी उंबरा ओलांडला. आई काशीला गेली नाही. उलट सकाळच्या कणकेत एका पोळीची वाढ झाली. शेवटची, जरा जाड आणि बिनतेलाची. तिला घरात ‘चकलीची पोळी’ असं नाव होतं. अकरा वर्षं ती पोळी चुकली नाही.

अकरा वर्षांनी, म्हणजे 2024 च्या पावसाळ्यात, चकलीने पोळीकडे पाठ फिरवली. आई म्हणाली, “दृष्ट लागली.” मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मग लेक म्हणाली, “बाबा, डॉक्टर.”

आता कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पहिली परीक्षा रिक्षावाल्याची. माणूस कितीही आजारी असो, रिक्षावाला फक्त ‘कुठे?’ विचारतो. कुत्रं दिसलं की तो ‘काय?’ विचारतो. मीटरपेक्षा जास्त कबूल केल्यावर चौथा तयार झाला, आणि वाटेत त्याने स्वतःच्या बोकडाच्या पोटदुखीवरचा उपाय फुकट सांगितला.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मात्र माझ्यातला कारकून जरा वरमला. आमच्या काउंटरसमोर लोक टोकन घेऊन बसतात तेव्हा एकमेकांकडे संशयाने पाहतात. इथे सगळे एकमेकांच्या मांडीवर काय आहे ते मायेने पाहत होते. “तुमचं काय?” “उलट्या. तुमचं?” “खात नाही.” मालकाची चौकशी कुणीच करत नव्हतं. मी अर्धा तास ‘चकलीचे बाबा’ या नावाने ओळखला गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली आणि मला समोर बसवून सांगितलं, “काका, मूत्रपिंडं गेली आहेत.”

“पण परवापर्यंत तर बरी होती!”

“तसंच असतं. मूत्रपिंडाचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. आणि ही बोलत नाही.”

मला हे चटकन समजलं. आमच्याकडेही खातं आतून कधीचं बसलेलं असतं. कागदावर ते अनुत्पादक ठरतं हप्ता नव्वद दिवस थकल्यावर. तोवर कर्जदार शेपूट हलवत असतो.

त्यानंतर चौदा दिवस रोज सलाईन. रोज संध्याकाळी बँकेतून सुटलो की रिक्षा, दवाखाना आणि बाटलीतला थेंब मोजत बसणं. या चौदा दिवसांचा हिशेब माझ्याजवळ आहे, तो देतो. तपासणी सात वेळा, दर वेळी 600 प्रमाणे 4,200. रक्ताच्या चाचण्या तीनदा, 2,400 प्रमाणे 7,200. सोनोग्राफी 2,000. सलाईन चौदा दिवस, 1,500 प्रमाणे 21,000. औषधं 6,150. पथ्याच्या खाण्याचं पाकीट 1,650. ते तिने हुंगलंसुद्धा नाही. रिक्षा 2,800. एकूण बरोबर 45,000. इतकी गोल बेरीज आली की आमच्या खात्यात संशय घेतात. मी तीनदा केली. तीनदा तीच आली.

आमच्या मजल्यावरचे आप्पा पेन्शनर आहेत, त्यांच्या कानावर हा आकडा गेला. “पंचेचाळीस हजार? अहो, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एवढ्यात झालं! आणि विम्याने त्यातले निम्मे परत दिले!”

आप्पांनी नकळत दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. जनावराची फी माणसाच्या फीपेक्षा जास्त असते असं मुळीच नाही. यंत्रं तशीच, सुया तशाच, तपासनीसही तसाच, आणि डॉक्टर साडेपाच वर्षं शिकून आलेला. माणसाच्या बाबतीत मात्र आपल्या आणि बिलाच्या मध्ये कोणीतरी उभं असतं: विमा कंपनी, मालक, सरकार, निदान सासरा. कुत्र्याच्या बाबतीत बिल थेट छातीवर येतं. कुत्र्यांचे विमे निघालेत, नाही असं नाही; पण अकरा वर्षांच्या चकलीचा विमा उतरवायला जो कोणी तयार होईल, त्याची कंपनी बुडायला फार वेळ लागणार नाही. आयकरात वजावट मिळते ती स्वतःच्या, बायकोच्या, मुलांच्या आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्यावर. चकली यांतल्या कुठल्या रकान्यात बसते हे माझ्या लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “मुलं.” सरकारने एक दया मात्र केली आहे: पशुवैद्यकाच्या उपचारांवर जीएसटी नाही. त्या बिलावर तेवढी एकच ओळ मी आनंदाने वाचली.

आणि जनावरांच्या दवाखान्याचं मूळच निराळं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तिथेच 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. त्या काळी पेशंट म्हणजे प्रामुख्याने बैल आणि घोडे, म्हणजे कमावते. जे जनावर कमावतं, त्याच्या औषधपाण्याचा हिशेब जमतो. चकलीने अकरा वर्षांत काय कमावलं? एकदा दुधवाल्याचा पायजमा.

कमावत्या जनावराचं दुःख मी जवळून पाहिलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. म्हशींच्या कर्जाचं टेबल माझ्याकडे. म्हशीच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि विम्याचा सोपा नियम: बिल्ला नाही तर पैसे नाहीत. एक शेतकरी फडक्यात बिल्ल्यासकट कान बांधून घेऊन आला होता. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा. कागद चोख होते, रक्कम मंजूर झाली. पैसे घ्यायला आला तेव्हा मी सहज म्हणालो, “चला, सुटलात.” तो म्हणाला, “पैसं आलं साहेब, पर पहाटं हात धारंला उठतोय अजून.”

तेव्हा मी पंचविशीत होतो. त्या वाक्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची ते मला कळलं नव्हतं.

दवाखान्यातल्या दहाव्या दिवसाची गोष्ट. एका सोसायटीचे तीन वॉचमन पोत्यावर घालून एक गावठी कुत्रं घेऊन आले. गाडीखाली आलेलं. मागचा पाय लोंबत होता. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि खर्चाचा अंदाज सांगितला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खिसे उलटे झाले. दहाच्या, विसाच्या, पन्नासाच्या नोटा, काही नाणी. त्यांचे हात थरथरत होते, मोजणी दर वेळी निराळी येत होती. मी न राहवून म्हटलं, “आणा इकडे.” वीस वर्षांची सवय, नोटा सरळ केल्या, लावल्या, मोजल्या. “अकराशे पन्नास.” डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि बिल लिहिलं: 1,150.

उरलेली रक्कम त्यांनी कोणत्या खात्याला टाकली, ते मी विचारलं नाही. ते तिघे आत गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “काका, जनावर दगावतं त्याचं वाईट वाटतं, पण ती आमची रोजची गोष्ट आहे. लोक काउंटरवर आकडा ऐकतात आणि जनावर तसंच उचलून परत नेतात ना, तेव्हा रात्री झोप लागत नाही.”

महाभारतात धर्मराजाला स्वर्गाच्या दारात सांगितलं, कुत्र्याला सोड आणि आत ये. तो नाही म्हणाला. मोठा माणूस! पण त्याला विचारलेला प्रश्न सोपा होता. ‘डिपॉझिट किती भरता?’ असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि स्वर्गाच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलेला नव्हता.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काउंटरवर फोन आला. आमच्या हिचा. “अहो, या.” एवढंच.

अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. अर्जावर ‘कारण’ असा रकाना. मी लिहिलं, ‘घरगुती’.

“काय झालं?”

“घरात... गेलं.”

“अरेरे! कोण?”

माझ्या तोंडून ‘कुत्री’ हा शब्द फुटेना. त्या केबिनमध्ये तो फार लहान वाटला असता. मी म्हटलं, “चकली.”

साहेबांनी सही केली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून हळूच म्हणाले, “माझ्याकडे पोपट होता. नऊ वर्षं. तेव्हा मी ‘ताप’ म्हणून रजा टाकली होती.”

उद्योगपतींचं एक बरं असतं, त्यांना रकाना भरावा लागत नाही. 2018 साली लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते रतन टाटांचा सन्मान व्हायचा होता. कुत्रा आजारी म्हणून ते गेलेच नाहीत, ही हकीकत त्यांच्या परिचिताने पुढे सांगितली. 2024 साली मुंबईत टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. एवढा मोठा माणूस आणि आमचे साहेब, दोघांची अडचण एकच. फक्त एकाने कारण खरं सांगितलं, आणि दुसऱ्याने ‘ताप’ लिहिलं.

चकलीला बदलापूरला मेहुण्याच्या जागेत, चाफ्याखाली ठेवलं. घरी आलो आणि लक्षात आलं की आता काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. माणूस गेला की करायच्या कामांची केवढी यादी असते! लोकांना कळवा, भटजी बोलवा, दहावा, तेरावा, कावळ्याची वाट पाहा. मृत्यूचा दाखला आणा, बँकेत द्या, आम्ही त्यावर तीन सह्या मागतो. या धावपळीत दुःखाला बसायला जागाच राहत नाही, आणि तेच बरं असतं. इथे काही नाही. सोयर नाही, सुतक नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करून बँकेत. सांत्वनाला आलेले आप्पा म्हणाले, “कुत्रंच ते. दुसरं आणा. एवढ्या पैशांत चार आली असती.” माणसाच्या बाबतीत हे वाक्य कितीही खरं असलं तरी कुणी बोलत नाही.

कागद म्हणाल तर फक्त ती बिलं. चकली या नावाचा जीव या जगात होता, त्याचा लेखी पुरावा म्हणजे पंचेचाळीस हजारांची फाइल. प्रत्येक बिलावर ‘पेशंटचे नाव: चकली’, आणि खाली आमचं आडनाव. रेशनकार्डावर नाही, वारसाच्या अर्जात नाही. आमचं आडनाव तिला दवाखान्यानेच लावलं. ही म्हणाली, “कशाला ठेवता? टाकून द्या आता.” मी तिला नियम सांगितला. बँकांनी कागदपत्रं किती काळ जपायची याचे 1985 सालचे नियम आहेत. काही कागद पाच वर्षं, काही आठ. मी चकलीला आठ वर्षांच्या वर्गात घातलं. म्हणजे 2032 पर्यंत काळजी नाही. पुढचं पुढे.

बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला तरी कोणी घरी जात नाही. फरक सापडेपर्यंत सगळे पुन्हा मोजतात. आमच्या घरी मात्र महिनाभर रोज एका पोळीचा फरक येत होता. डब्यात एक पोळी जास्त. शेवटची, जाड, बिनतेलाची. ही काही बोलली नाही, लेक बोलली नाही, आणि मी, हिशेबातला माणूस, मीही तो फरक काढायला गेलो नाही. आई दुपारी सगळे निजल्यावर ती पोळी पदराखाली घेऊन खाली जायची.

खाली जिन्याजवळ एक काळं, एका कानाने मोडलेलं कुत्रं हल्ली मुक्कामाला असतं. “ते काही आपलं नाही हं,” आईने मला न विचारता बजावलं. “उगाच फुकट जाते म्हणून घालते.”

परवा रात्री जेवताना आई वाटीत बोट फिरवत म्हणाली, “अरे, त्या काळ्याच्या कानात गोचीड दिसतेय. गोचिडाने ताप येतो म्हणे त्यांना. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई रविवारी असतात का?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि पेन्सिल शोधायला लागलो.