काकांचा एन्लार्जर

आधी एक कबुली. सेकंड इयरला असताना मी मेसचे दीड हजार रुपये एका भंगारात घातले आणि बाबांना फोनवर सांगितलं, "प्रॅक्टिकलचं सामान घ्यायचं होतं." हा लेख त्या खोट्याचा हिशोब आहे.

झालं असं, की मामाने त्याचा जुना फिल्म कॅमेरा मला दिला. रोल कसाबसा मिळाला, धुतलाही. पण निगेटिव्हचा फोटो करायचा तर एन्लार्जर लागतो, आणि तो आता कुठे मिळणार? रूम पार्टनर म्हणाला, "अबे, आमगावात एक जुना स्टुडिओ आहे, तिथं पाहू." रविवारी सकाळच्या गाडीने गोंदियाहून आमगाव गाठलं.

स्टुडिओ म्हणजे आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. आम्ही एन्लार्जर म्हटल्याबरोबर काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कायले पायजे तुमाले? भंगारवाला किलोच्या भावानं मागून रायला." जिन्याखाली, धानाच्या पोत्यांमागे ते यंत्र उभं होतं. वर दिव्याचं डोकं, त्याखाली कंडेन्सरची भिंगं, निगेटिव्हची पट्टी, काळा भाता, लेन्स, आणि हे सगळं तोलणारा एक लोखंडी खांब. काका सांगत होते, परीक्षेच्या फॉर्मचे दिवस आले की रात्र रात्र याच्याखाली कागद सरकवायचे. सकाळी पोरं रांगेत उभी!

जुना एन्लार्जर घेताना काय पाहायचं, हे मी वाचून गेलो होतो. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहायची. भात्याच्या आत दिवा धरून अंधारात बारीक भोकं शोधायची. डोकं वर-खाली करून खांब हलतो का पाहायचं. लेन्सला जाळीसारखी बुरशी होती, बाकी माल ठणठणीत. काका दीड हजार म्हणाले आणि वर एक अट घातली, "पयला चांगला फोटो निघाला की मले आणून दाखवायचा. नाई तर यंत्र वापस."

खिशात नेमके मेसचे पैसे होते. दिले.

वॉर्डन सरांच्या कृपेने हॉस्टेलची रिकामी स्टोअर रूम मिळाली. खिडक्यांना काळा कागद लावला, तेव्हा अर्ध्या हॉस्टेलला वाटलं आत काहीतरी भलतंच चाललंय. असो.

पहिली अडचण फिजिक्सची. काकांचा एन्लार्जर 120 रोलच्या मोठ्या, 6 बाय 6 सेंमीच्या निगेटिव्हसाठी होता, म्हणून त्याला 75 मिमीची लेन्स. आमची निगेटिव्ह 24 बाय 36 मिमीची. खांब पूर्ण वर नेला तरी लेन्स ते कागद अंतर साडेसदतीस सेंमी. बारावीचं सूत्र आठवा: हे अंतर म्हणजे f गुणिले (1 + m). 75 च्या लेन्सने m आला 4, म्हणजे जेमतेम 4 बाय 6 इंचाचा फोटो. 50 ची लेन्स लावली तर m साडेसहा, म्हणजे जवळजवळ 6 बाय 9. शिवाय 75 ला बुरशी होतीच. मग मुंबईच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानातून 50 ची वापरलेली लेन्स कुरियरने मागवली.

पण 50 ची लेन्स निगेटिव्हपासून 58 मिमीवर हवी, आणि आपला भाता 70 च्या खाली दबतच नाही! यावर उपाय म्हणजे लेन्स भात्याच्या आत बुडवणं. वर्कशॉपमध्ये लेथवर ॲल्युमिनियमची 20 मिमी खोल वाटी काढली. या लेन्सचा आटा 39 मिमी व्यासाचा, इंचाला 26 चा. तो आतून कापायचा म्हटल्यावर वर्कशॉपच्या सरांनी कपाळाला हात लावला. "गिअर बदलत बसशील दिवसभर. साधं भोक पाड आणि मागून रिंग आवळ." तसंच केलं. निगेटिव्ह, लेन्स आणि पाट हे तिन्ही समांतर नसले तर फोटोचा एक कोपरा फिका पडत नाही, पण धूसर होतो. ते स्पिरिट लेव्हलने जुळवलं. जुन्या 75 वॉटच्या बल्बने निगेटिव्ह तापून मधेच फुगायची आणि फोकस जायचा, म्हणून 9 वॉटचा दुधी एलईडी बसवला. रसायनांत हायपो तर आपला ओळखीचाच, आयोडोमेट्रीच्या टायट्रेशनमधला सोडियम थायोसल्फेट. (वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. तो मोरीत ओतू नका, आम्ही कॅनमध्ये साठवतो.)

आणि मग सुरू झाली साडेसाती. दहा सेकंदांचा एक फोटो छान यायचा, दुसरा तोच, तेवढ्याच वेळाचा, काळवंडलेला. एक कागद म्हणजे एक चहा-समोसा. तीन आठवड्यांत अख्खं पाकीट संपलं. उपाशी पोट, उधारीची मेस, आणि घरून फोन: "प्रॅक्टिकल झालं का रे?" मी "हो" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटायची. काकांना यंत्र परत करावं इथपर्यंत आलो होतो.

आम्ही लाल दिव्यावर संशय घेतला. कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं लाल उजेडात ठेवलं, मग डेव्हलप केलं. नाण्याचा डाग आला नाही, म्हणजे दिवा निर्दोष. शेवटी एका रात्री इलेक्ट्रिकलचा मित्र म्हणाला, "सगळं बंद करून दहा मिनिटं गप बसू." डोळे अंधाराला सरावले आणि दिसलं, की बटण बंद असूनही एन्लार्जरच्या डोक्यात काजव्याएवढा उजेड! आम्ही गप्पा मारत कागद जितका वेळ खाली ठेवायचो, तितका तो काळा पडायचा.

कारण होतं काकांच्या काळातला दोन पिनचा प्लग. तो उलटा खोचला की वायरीवरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. बल्बपर्यंत फेज पोचलेलीच राहते, आणि वायर व बॉडीतून निसटणाऱ्या एवढ्याशा करंटवरही एलईडी मिणमिणतो. जुना तारेचा बल्ब तेवढ्यात पेटत नाही, म्हणून काकांना हे कधी कळलंच नसावं. प्लग सुलटा केला, उजेड गेला. दुसऱ्या दिवशी तीन पिनचा प्लग लावून बॉडीला अर्थिंग दिलं. बटण बंद असताना होल्डरला टेस्टर लावून नक्की बघा रे, कागदापेक्षा जीव महाग आहे.

पहिला खरा फोटो आला तो आईचा. रोवणीच्या चिखलात वाकलेली, हातात पऱ्हे. कोऱ्या कागदावर डेव्हलपरमध्ये आधी तिची बोटं उमटली, मग लुगड्याचा काठ. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

काकांनी तो फोटो उजेडात तिरपा धरला, बराच वेळ पाहिला. "काळा चांगला आला. पांढरा अजून मळका हाये. दोन सेकंद कमी दे." मग म्हणाले, "यंत्र आता तुमचं."

दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो फोटो बाबांच्या हातात दिला आणि मेसच्या पैशांचं सगळं खरं सांगितलं. बाबा धान मळून आले होते, हात धुऊन मगच त्यांनी फोटो धरला. आईकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "मंग प्रॅक्टिकलचंच सामान झालं ना बे," एवढंच बोलले. तो फोटो आता देव्हाऱ्याशेजारी आहे.

दर रविवारी रात्री आम्ही स्टोअर रूममध्ये असतो. घरी ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील तर घेऊन या, सरांनीही आणाव्यात. फक्त दार उघडण्याआधी वाजवा!