दोन नावांचे गाव

आमच्या गावाला दोन नावे आहेत. रेल्वेच्या पाटीवर ‘भांदक’ आणि एस.टी.च्या पाटीवर ‘भद्रावती’. नवखा पाहुणा स्टेशनवर उतरून भद्रावती किती लांब आहे म्हणून विचारतो आणि टांगेवाल्यांच्या जागी आलेले ऑटोवाले मनातल्या मनात हसतात. माझ्या सासूबाई दोन्ही नावे वापरतात, पण त्यांचा एक नियम आहे. कौतुक असले की भद्रावती, राग असला की भांदक. चंद्रपूरला मात्र त्या अजून चांदाच म्हणतात.

ते चांदा आमच्यापासून पाऊण तासाच्या वाटेवर. तापाच्या गोळीला आमचे गाव पुरते. त्यापुढचे दुखणे चंद्रपूरला न्यावयाचे. मुलांचे कॉलेज तिथे, लग्नाचा बस्ता तिथे. आमच्या शाळेतले निम्म्याहून अधिक शिक्षक तिथूनच अपडाऊन करतात. शाळा सुटल्यावर पाच मिनिटांत त्यांची खोली रिकामी होते. मागे राहते ती मी, आणि घंटा देणारा शिपाई. मीही एकदा चंद्रपूरला घर केले की याच्या उलट दिशेने येईन, आणि या गावात माझे काम तेवढे उरेल.

गाव लहान खरे, पण फार जुने. युवनाश्व राजाची भद्रावती ती हीच, इथूनच भीमाने श्यामकर्ण घोडा नेला, असे जुनी माणसे सांगतात. ती कथा सोडली तरी दगड आहेत, ताम्रपट आहेत. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर सांगतात त्या राष्ट्रकूट कृष्णराजाचा इ. स. ७७२चा ताम्रपट भांदकलाच सापडला. ह्युएन त्संगाने पाहिलेली कोसलची राजधानी हीच असावी, असाही काही अभ्यासकांचा तर्क होता. भद्रनागाच्या देवळात नागपंचमीला पाय ठेवावयास जागा नसते. जैनांचे पार्श्वनाथ मंदिर तर दूरदूरच्या यात्रेकरूंचे. ती मूर्ती स्वप्नातल्या दृष्टांतामुळे रानात सापडली, अशी श्रद्धा आहे.

पण माझा जीव जडला तो विजासनच्या लेण्यांवर. टेकडीच्या पोटात सत्तर फुटांहून लांब, सरळ कोरत नेलेला बोळ आणि त्याच्या टोकाला बसलेले बुद्ध. दोन्ही बाजूंना आणखी दोन बोळ, त्यांच्याही टोकाला बुद्धच. शतकानुशतके तिथे वटवाघळांचे राज्य असेल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. आज बुद्धपौर्णिमेला या अंधारात मेणबत्त्यांच्या ओळी लागतात. रिकामे झालेले ठिकाण पुन्हा भरते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

दरवर्षी पाचवीच्या मुलांना मी तिथे नेते. एका वर्षी एका पोराने विचारले, “बाई, इथं कोण राहत होतं?”

“भिक्खू राहत होते.”

“मग गेले कुठं? चंद्रपूरला?”

सारी मुले हसली. मलाही हसू आले. परतीच्या वाटेवर मात्र त्याचा प्रश्न माझ्यामागून चालत राहिला.

कारण आमच्या घरात सध्या हाच विषय आहे. गावाच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात, आणि मधल्या खोलीच्या भिंतीला गेलेली चीर दर उन्हाळ्यात बोटभर पुढे सरकते. दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी पांढरे राहत नाहीत. चंद्रपूरला जटपुरा दरवाजाच्या बाहेर, नागपूर रस्त्याकडे एक फ्लॅट आम्ही पाहून आलो. ह्यांना तो पसंत आहे. मुलाला तर फारच. औष्णिक वीज केंद्राचा धूर काय तिथे चुकणार आहे? पण भिंतीला चीर नाही, ही गोष्ट खरी.

अडचण आहे ती सासूबाईंची आणि एका दगडाची. आमच्या सांदवाडीत विहिरीजवळ एक कोरीव दगड आहे. कमळाच्या पाकळ्या आता झिजल्या आहेत. कुठल्या देवळाचा, कुणी आणला, काही माहीत नाही. भांदकच्या जुन्या घरांत असे दगड पायरीला, उंबऱ्याला लागलेलेच असतात. आमच्या घरच्या चार पिढ्यांच्या बायकांनी त्याच्यावर कपडे धुतले.

“आई, तिकडे धुण्याचं मशीन घेऊ,” मी म्हटले.

“घे बापा, तू घे. मशीनच्या बाजूला बसून मी बोलू कुणाशी? इथं शेजारची येते, तिची सून येते. चांद्याले मी चवथ्या माळ्यावरून कोणाले हाक मारू?”

ह्यांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हवा बदलून दिली की माणसेही मिळतील, असे म्हणण्याचा मला तरी धीर नाही.

दलालाला पाडव्यापर्यंत उत्तर द्यावयाचे आहे. मुलाने फ्लॅटमधल्या आपल्या खोलीचा रंगही ठरवला आहे. सासूबाईंनी परवा विहिरीकाठी वालाच्या बिया टोचल्या आणि वेल चढावा म्हणून त्या चिरलेल्या भिंतीला दोन खुंट्या ठोकून घेतल्या.