रैनबसेरा आवरताना

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दिल्लीला बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. "मावशी, एकदा तरी ये," असे तो दोन वर्षे म्हणत होता. महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मला सवड मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये मी नागपूरहून एकटीच निघाले. मनात दोन गोष्टी होत्या. अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाची ती जागा डोळ्यांनी पाहायची, जिथे बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला. आणि भाचा नेमके काय काम करतो ते पाहायचे.

पहिले काम पहिल्याच दिवशी झाले. स्मारकातून बाहेर पडले, सिव्हिल लाइन्सला मेट्रोत बसले आणि पुढच्याच स्टेशनावर, काश्मिरी गेटला उतरले. भाचा न्यायला आला होता. बस अड्ड्याच्या मागून, पुलाखालून, यमुना बाजाराच्या दिशेने आम्ही चालत गेलो. एका बाजूला गाड्यांचा अखंड आवाज, दुसऱ्या बाजूला निगमबोध घाटाकडे जाणारी माणसे. मध्येच एका मोकळ्या जागेत तीन पांढरे तंबू उभे होते. भाचा म्हणाला, "हाच माझा रैनबसेरा. अजून चार दिवस आहे."

चार दिवस म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले नाही.

दिल्लीत कायमचे रात्रनिवारे दोनशेच्या आसपास आहेत. काही पक्क्या इमारतींत, बरेचसे पत्र्याच्या केबिनमध्ये. परंतु थंडी पडली की तेवढ्याने भागत नाही. म्हणून साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या चार महिन्यांसाठी दिल्ली शहरी आश्रय सुधार बोर्ड जागोजागी असे तंबू उभारते व ते चालवण्याचे काम संस्थांकडे देते. भाच्याच्या तीन तंबूंत मिळून साठेक पुरुष झोपत. तीन राखणदार, प्रत्येकाची आठ तासांची पाळी. रात्री दहानंतर गाडी फिरते आणि फुटपाथवर कुडकुडणाऱ्यांना आणून सोडते.

आत गेल्यावर शिक्षिकेच्या सवयीने मी आधी नोंदवही पाहिली. नाव, बापाचे नाव, गाव, काम, वय. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, झारखंड. कामाच्या रकान्यात रिक्षा, हमाली, कचरावेचक, आणि सर्वांत जास्त वेळा 'शादी-पार्टी'. भाच्याने समजावून सांगितले, की ही माणसे लग्नाच्या जेवणावळींत भांडी धुतात, ताटे उचलतात, तंदूर पेटवतात. रात्री दोन-तीनला सुटतात. तेव्हा ना बस, ना घर. शहरातली लग्ने ज्यांच्या हातांवर पार पडतात, त्यांना पाठ टेकायला हा तंबू.

एका कोपऱ्यात लाकडी फळीवर विजेचे बोर्ड होते आणि त्यावर वीस-बावीस मोबाईल लावलेले. मला वाटले होते की सर्वांत जास्त भांडणे घोंगडीवरून होत असतील. भाचा हसला. "घोंगडी सर्वांना मिळते मावशी. भांडण होते ते चार्जिंगवरून. फोन बंद पडला की दुसऱ्या दिवसाचे काम गेले." चप्पल मात्र सर्वजण उशाखाली घेऊन झोपत.

तेथे मला एक म्हातारे गृहस्थ भेटले. साठीच्या पुढचे, बिहारचे, शरीर खंगलेले. रमजान नुकताच सुरू झाला होता. भाचा त्यांना रोजा धरू नका म्हणून विनवत होता, कारण त्यांची क्षयाची औषधे चालू होती. सहा महिन्यांपैकी चौथा महिना. ते मला म्हणाले, "माताजी, जिंदगी में पहली बार किसी ने दवाई का टाइम याद रखा है."

त्या रात्री भाच्याने वहीत चार रकाने आखले. पहिला, ज्यांचे औषध चालू आहे. दुसरा, ज्यांचे कागद अर्धवट आहेत. तिसरा, म्हातारे आणि अपंग. चौथा, जे होळीला गावी जाणार. मी विचारले, "हे कशासाठी?" तो म्हणाला, "१५ तारखेला तंबू उतरणार. त्याच्याआधी प्रत्येकाचे काय, ते ठरवायचे आहे. हे कुणी सांगितलेले नाही. वरून आदेश येतो तो फक्त सामानाचा. घोंगड्या किती, गाद्या किती, दऱ्या किती, त्याचा हिशेब द्या. माणसांचा हिशेब कुणी मागत नाही."

वाचकहो, मी पस्तीस वर्षे शाळेत हजेरी घेतली. परंतु हजेरीपटाचा खरा अर्थ मला त्या वहीने शिकवला.

दुसऱ्या रकान्यात तीन तरुण होते. त्यांनी मतदार यादीत नाव घालण्यासाठी नमुना ६ भरला होता. बेघर माणसालाही मतदार होता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. घराचा पुरावा नसला तरी चालते. तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मग बूथ पातळीवरचा अधिकारी रात्री येऊन तो खरोखर तिथे झोपतो की नाही ते पाहतो. या तिघांनी पत्ता तंबूचा दिला होता. अधिकारी अजून आला नव्हता आणि तंबूच जाणार होता. एक तरुण मला म्हणाला, "माताजी, साहेब रात्री आले आणि इथे नुसते मैदान असले तर?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणजे तंबू हा नुसता कापडाचा आडोसा नसतो. तो पत्ता असतो. तो औषधाची वेळ असतो, चार्ज झालेला फोन असतो, रात्री न परतल्यास 'आला नाही' असे म्हणणारे कुणीतरी असते. चार महिन्यांत हे सर्व हळूहळू जुळते आणि एका दिवसात मोडते.

हे आज घडते आहे असेही नाही. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्लीत पुसा रोडजवळचा बेघरांचा तात्पुरता तंबू पाडला गेला. पुढल्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धा व्हायच्या होत्या. वर्तमानपत्रांत बातमी आली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तिकडे सर्वोच्च न्यायालयात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने २००१ साली दाखल केलेला अन्नाच्या हक्काचा खटला चालू होता. त्यातही जानेवारी २०१० मध्ये हा प्रश्न गेला. तेथून पुढे ठरले, की मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, आणि तो चोवीस तास व बाराही महिने चालायला हवा. बाराही महिने, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये सराय काले खानचा आणि पुढच्याच महिन्यात यमुनाकाठचे काही निवारे जमीनदोस्त झाले.

एक गोष्ट आपल्या राज्याशी जोडलेली आहे, ती सांगितलीच पाहिजे. रस्त्यावरच्या माणसाला भिकारी म्हणून पकडून डांबणारा कायदा मुंबई राज्याने १९५९ साली केला आणि पुढच्याच वर्षी तो दिल्लीलाही लागू झाला. कामावरून थकून फुटपाथवर झोपलेले मजूरही त्यात पकडले जात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्या शहरापुरती भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. बेघरपणा ही आपत्ती आहे, अपराध नव्हे, एवढे समजायला आपल्याला जवळजवळ साठ वर्षे लागली.

१४ मार्चच्या संध्याकाळी भाचा म्हातारबाबांना घेऊन निघाला, मीही बरोबर होते. दोन किलोमीटरवर एक कायमचा निवारा होता. तिथे त्यांची जागा बोलून ठेवली होती. मी म्हटले, "अरे, पत्ता लिहून दे ना, जातील ते उद्या." तो म्हणाला, "मावशी, पत्ता दिलेली माणसे पोचत नाहीत. दारात राखणदार ओळखीचा नसला, कुणी एक शब्द वाकडा बोलला, की परत फिरतात आणि पुलाखाली झोपतात. दारापर्यंत नेऊन, आतल्या माणसाच्या हातात हात द्यावा लागतो." आम्ही हळूहळू चाललो. बाबा तीनदा बसले. निवाऱ्याच्या दारात भाच्याने तिथल्या राखणदाराला औषधाचे पाकीट दाखवले, वेळ सांगितली, औषध केंद्राचा नंबर भिंतीवर लिहून घ्यायला लावला. तिघा तरुणांनाही तिथेच जागा मिळाली. मी त्यांचे अर्ज नव्या पत्त्याने पुन्हा भरून दिले. अक्षर वळणदार काढले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मला त्या वाटेवर राहून राहून बडोदा आठवत होते. १९१७ साली पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना अकराव्या दिवशी बाहेर पडावे लागले. काठ्या घेतलेली माणसे दारात उभी होती. मुंबईची गाडी रात्रीची, म्हणून तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. एवढा शिकलेला माणूस, आणि शहरात त्याला पाठ टेकायला जागा नव्हती. या तंबूतल्या माणसांना कुणी जात विचारून बाहेर काढत नव्हते, हे खरे. परंतु "जा" म्हणणारा असतो आणि "कुठे" हे सांगणारा कुणी नसतो, तेव्हा बाहेर पडणाऱ्याला काय वाटत असेल, ते आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

१५ तारखेला सकाळी टेम्पो आला. घोंगड्या मोजल्या, दोन कमी भरल्या. भाच्याने वहीत लिहिले : 'दोन कमी.' ती कुणी नेली ते त्याला माहीत होते, मलाही दिसले होते. आम्ही दोघेही काही बोललो नाही. दुपारपर्यंत दोऱ्या सुटल्या, कापड खाली बसले, लोखंडी नळ्या टेम्पोत गेल्या. जमिनीवर तीन फिकट चौकोन उरले. चार महिने ऊन न लागलेली माती.

रात्री नऊला आम्ही पुन्हा तिथे गेलो. भाच्याला पाहायचे होते. त्या चौकोनांत सात माणसे झोपली होती. आपापल्या जुन्या जागेवर, त्याच क्रमाने. भाचा खाली बसला आणि एकेकाला पुन्हा विचारू लागला, "चलोगे?" चार जण उठले. तिघे उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, १६ मार्चला, लोकसभा निवडणूक जाहीर झाली. मी नागपूरला परतले. २५ मे रोजी दिल्लीत मतदान झाले, त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तिघांपैकी दोघांनी मत दिले होते. तिसरा एप्रिलमध्येच कुठेतरी निघून गेला, त्याचा फोन लागत नाही. म्हातारबाबांचा औषधाचा शेवटचा डोस मेमध्ये झाला. मला आनंद झाला. पण तो म्हणाला, "मावशी, थंडी गेली की लोक समजतात धोका गेला. इथे आता रात्रीही भट्टी असते." जूनमध्ये त्याचे म्हणणे खरे ठरले. ११ ते १९ जून या नऊ दिवसांत उष्णतेच्या लाटेत दिल्लीत १९२ बेघर माणसे दगावल्याचे सेंटर फॉर होलिस्टिक डेव्हलपमेंट या संस्थेने जाहीर केले. तंबू मात्र मार्चमध्येच उतरले होते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर मोजली गेली. त्यांतली दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. म्हणून ही गोष्ट दिल्लीची असली तरी परकी नाही.

माझी वाचक भगिनी-बंधूंना एवढीच विनंती आहे. आपल्या गावात, आपल्या शहरात बेघरांचा निवारा कुठे आहे, तो बारा महिने चालतो की नाही, हे एकदा नगरपालिकेत विचारा. आणि स्टेशनजवळ, पुलाखाली कुणी थकलेला दिसला, तर त्याला नुसता पत्ता सांगू नका. आपला अर्धा तास जाईल, जाऊ द्या. दारापर्यंत घेऊन जा.