शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करण्याची कला आपल्या बायकांनी फार पूर्वीच आत्मसात केली आहे. पातेल्यातले एक शीत दोन बोटांत दाबायचे आणि सबंध पातेल्याविषयी निकाल द्यायचा! हा निकाल सहसा चुकत नाही. सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. तेव्हा एकीची हकिगत तीच दुसरीची.

आवाजाचे मात्र तसे नाही. बंद खोलीत एकच सूर लावून ठेवा आणि हळूहळू चालत राहा. दोन पावलांवर तो मोठा होईल, आणखी दोन पावलांवर जवळजवळ नाहीसा होईल. भिंतीवरून परतणाऱ्या लाटा आणि नव्याने निघालेल्या लाटा एकमेकींना भेटतात. कुठे त्या हातात हात घालतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. म्हणजे या पातेल्यातले एक शीत शिजलेले, तर शेजारचे कच्चे! अशा भाताची परीक्षा मोजक्या शितांवरून करू पाहणारे लोक जगात आहेत, आणि त्यांच्या या खटाटोपात माझे मन अलीकडे गुंतून पडले आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ध्वनिशास्त्राच्या वाटेला मी गेलो तो आमच्या घरामुळे. काष्टीतले आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे, वर माळवद, खाली सारवलेली जमीन. कोपऱ्यात धान्याची पोती, दांडीवर गोधड्यांची चवड. ते उतरवून आम्ही स्लॅबचे घर बांधले. गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी, मोकळी ऐसपैस खोली. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने घर नावाजले. फक्त आईने नावाजले नाही. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "आरं, ह्या घरात मान्सं एकच गोष्ट दोनदा बोलत्यात व्हय?"

आईला कमी ऐकू येते. तिच्यासाठी कानातले यंत्र आणले होते. पण ते बोलणे मोठे करते तसे घुमणेही मोठे करते. जुन्या घरात उंबऱ्यात बसून ओसरीवरच्या गप्पांत भाग घेणारी ती बाई नव्या घरात गप्प गप्प राहू लागली. बोलके माणूस गप्प झाले की घरातला दिवा मंद झाल्यासारखे वाटते. मी कारण शोधू लागलो, आणि शोधता शोधता सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन मास्तराशी माझी ओळख झाली.

त्याचे नाव वॉलेस सबाइन. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाने एक नवे व्याख्यानगृह या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात बांधले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वक्त्याचे एक वाक्य संपण्यापूर्वी दुसरे त्याच्या अंगावर चढे. सबाइनने दुसऱ्या सभागृहातल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री सारे निजले की ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मग आणखी काही गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचे. यातून त्याने जे सूत्र काढले ते माझ्यासारख्यालाही समजते. खोलीचे घनफळ घ्या, त्याला 0.16 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. आवाज विरण्याचे सेकंद हाती येतात. शोषण मोजण्याचे त्याचे माप तर फार गोड आहे : उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पुरे एक माप.

मी पाटीवर हिशेब मांडला. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच, घनफळ 60. शोषण सहा माप धरले तर आवाज 1.6 सेकंद रेंगाळतो. तेवढ्या वेळात माणूस सहासात अक्षरे सहज बोलून जातो. शोषण दुप्पट केले की हाच काळ 0.8 वर येतो. आमच्या जुन्या घरातली पोती, गोधड्या आणि सदा उघडे दार यांनी हे काम नकळत केले होते. मी दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या. खोली दिसायला अगदी बेंगरूळ झाली. पण आई तिसऱ्या दिवशी सुनेच्या बोलण्यावर आपणहून हसली.

ही हकिगत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितली. तो आता पुण्यात संगणकाचे काम करतो. "गुरुजी," तो म्हणाला, "घड्याळ लावून सगळ्या खोलीची एक सरासरी कळते. पण आजी बसतात त्या जागी काय ऐकू येतं, आणि तिथून हातभर सरकल्यावर काय, ते कसं कळणार?" खरेच होते. हिशेब केला तेव्हा मी चाट पडलो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. सेकंदाला हजार कंपनांच्या सुराची लाट 34 सेंटिमीटर लांब. ती नीट टिपायची तर दर 17 सेंटिमीटरवर एक मायक्रोफोन हवा. दहा मीटर लांब आणि सहा रुंद वर्गात, तेही एकाच उंचीवर, दोन हजारांच्या वर मायक्रोफोन झाले! मुलांना बसायला जागा कुठे उरणार?

इथे ते मोजक्या शितांचे शास्त्र पुढे येते. खोलीतल्या आवाजाच्या लहानमोठेपणाचा नकाशा काढला तर तो चित्रासारखा दिसतो. मोजक्या मायक्रोफोनांनी त्याचे चारदोन ठिपके मिळतात. बाकी चित्र फाटलेले. फाटलेले चित्र सांधण्याची विद्या संगणकाला आधीच अवगत होती. 2020 साली फ्रान्सेस्क लुईस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तीच आवाजाच्या नकाशाला लावून दाखवली. त्यांनी संगणकातच हजारो चौकोनी खोल्या रचल्या, त्यांचे पुरे नकाशे यंत्राला दाखवले, मग त्यातले बहुतेक ठिपके झाकून 'आता भर' असे म्हटले. चुकले की दुरुस्ती, पुन्हा प्रश्न. आपण पाढे घोकून घेतो तसे. अनेक थरांच्या या शिक्षणाला ते 'डीप लर्निंग' म्हणतात. मग खऱ्या खोलीत थोडे मायक्रोफोन इकडेतिकडे ठेवून यंत्राची परीक्षा घेतली. खर्जातल्या आवाजांपुरते का होईना, यंत्राने उरलेले चित्र बऱ्यापैकी भरून दिले.

हे ऐकताना मला राहून राहून आईची आठवण येत होती. ती दुसरे काय करते? वाक्यातली दोन अक्षरे तिच्या कानी पडतात आणि उरलेले वाक्य ती मनाने पुरे करते. "शनिवारी बाजारात..." एवढे कानी पडले तरी बोलणे बैलांच्या किमतीवर आहे हे ती ओळखते, काष्टीत साठ वर्षे काढलेल्या माणसाला बाजाराचे बोलणे पुरे ऐकावे लागत नाही. पण नात सुट्टीत येऊन भरभर इंग्रजी मिसळून बोलू लागली की तिचा हिशेब कोलमडतो. एकदा नात म्हणाली, "पाहुणे आलेत." आई तरातरा उठली, "पाऊस आला? मंग वाळवण काढा की!" यंत्राचेही असेच होते. ज्या जातीच्या खोल्या त्याने पाहिल्या आहेत त्या जातीची खोली ते छान भरते. घुमटाच्या किंवा वेड्यावाकड्या खोलीत ते ठासून वाळवण काढायला सांगेल. म्हणून काही संशोधक यंत्राला नुसती उदाहरणे देत नाहीत, लाटांचे भौतिक नियमही पाळायला लावतात. म्हणजे उत्तर भरताना निदान निसर्गाची मर्यादा सुटू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. मी त्याला कोल्हापूरला घेऊन जाईन. शाहू महाराजांनी तिथे पॅलेस थिएटर बांधले. 1915 साली ते खुले झाले. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले. 'ललितकलादर्श'चे हे केशवराव 1921 च्या जुलैत, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त धैर्यधर म्हणून उभे राहिले, समोर बालगंधर्व भामिनी. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. त्यांच्या नावाचे हे नाट्यगृह मायक्रोफोनवाचून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवते अशी त्याची ख्याती होती. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळाले. दुसरा दिवस, 9 ऑगस्ट, केशवरावांच्या जयंतीचा! जळक्या वास्तूसमोर उभे राहून रडणारे कलावंत त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

लाकूड नवे आणता येते, छप्पर पुन्हा चढवता येते. पण त्या जागेचा आवाज कुठून आणायचा? व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह 1996 च्या जानेवारीत जळाले, तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी तिथल्या ध्वनीची मोजमापे झालेली होती. पॅरिसचे नोत्र दाम 2019 साली पेटले. त्याची मोजमापे 2013 साली ब्रायन कॅट्झ यांच्या मंडळींनी घेऊन ठेवली होती. जिथे अशी पूर्ण मापे नसतात तिथे चारदोन जुनी ध्वनिमुद्रणे, नकाशे आणि उरलेल्या भिंती एवढीच शिते हाती असतात. त्यांच्यावरून भात ओळखण्याची विद्या आज बाल्यावस्थेत आहे. पण ज्यांचे पातेलेच गेले त्यांना तिचे मोल कळेल.

माझ्या जुन्या घराचा आवाज माझ्यापाशी आहे तो एका लग्नाच्या चित्रफितीत, वाजंत्र्यांच्या गदारोळात दबलेला. तेवढ्यावरून एखादे यंत्र ती ओसरी उभी करील का? माझ्या विद्यार्थ्याने नुसतेच ओठ मुडपले. मी मात्र अजून ती चित्रफीत जपून ठेवली आहे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्यापैकी कितीतरी जण जुन्या वाड्यात, मामाच्या माडीत, आजोळच्या माजघरात जमतील. त्यातले काही वाडे पुढच्या दिवाळीपर्यंत उभे नसतील. खोलीची ओळख पटवायला शास्त्रज्ञ एकच तीक्ष्ण आवाज वापरतात. पुष्कळदा साधा फुगा फोडतात. त्या टाचणीएवढ्या आवाजात सारे सूर असतात, आणि त्याच्यामागून ओसरत जाणारी जी शेपटी ऐकू येते ती त्या खोलीची सही असते. फराळाची ताटे उचलली की पंखा बंद करा, पोरांना क्षणभर गप्प बसवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून एक फुगा फोडा. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आणखी एक. मुलांना तेवढीच गंमत; आणि पुढेमागे कुणाला त्या घराचा भात ओळखायचा झाला, तर दोन शिते हाताशी राहतील.